नेब्रास्का आणि मॉन्टॅना : फुकट जमिनीचे मोल

फुकट जमीन मिळाली म्हणजे शेतकऱ्याचा संसार उभा राहतो काय? या प्रश्नाचा निकाल तर्काने लावण्यापेक्षा इतिहासाकडून घेतलेला बरा. म्हणून अमेरिकेतील नेब्रास्का व मॉन्टॅना ही दोन राज्ये आम्ही आज शेजारी-शेजारी ठेवून पाहणार आहोत.

२० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. अल्पशी फी भरून १६० एकर सरकारी जमीन घ्यावी, तीवर घर बांधावे, पाच वर्षे राहून ती कसावी, म्हणजे ती आपल्या मालकीची होते, असा तो कायदा. १ जानेवारी १८६३ रोजी तो अमलात आला आणि त्याच दिवशी डॅनियल फ्रीमन याने नेब्रास्कातील बीट्रिस गावाजवळच्या जमिनीवर आपला हक्क नोंदविला. ही भूमी निर्मनुष्य मात्र नव्हती. नेब्रास्कातील पॉनी व ओटो या जमातींना आपला मुलूख सोडून दक्षिणेकडे जावे लागले, हे विसरून हा हिशेब मांडता येणार नाही.

पूर्व नेब्रास्कात माती खोल आणि पाऊस बेताचा, पण पुरेसा. लाकूड नव्हते, तेव्हा लोकांनी गवताळ मातीची ढेकळे रचून घरे बांधली. १८७४ साली टोळांनी पिके फस्त केली, तरी पूर्वेकडची वस्ती टिकली. ओमाहापासून पश्चिमेस गेलेल्या लोहमार्गाने धान्याला बाजार मिळवून दिला.

परंतु १०० वी पश्चिम रेखा याच राज्याच्या मध्यातून जाते. तिच्या पलीकडे पाऊस वीस इंचांच्या आत येतो. १८७८ साली जॉन वेस्ली पॉवेल यांनी सरकारला बजावले होते की, अशा कोरड्या मुलखात १६० एकरांचे माप निरुपयोगी आहे. गुरे पाळून राहावयाचे तर २,५६० एकर हवेत. कायदेमंडळाने तिकडे लक्ष दिले नाही. १८९० नंतरच्या अवर्षणात पश्चिम नेब्रास्कातून कुटुंबेच्या कुटुंबे परतली. १९०४ साली तेथे ६४० एकरांची सवलत मिळाली, ती उशिराच.

मॉन्टॅना तर सबंधच त्या रेखेच्या पश्चिमेस. १९०९ साली तेथे ३२० एकर मिळू लागले, १९१२ साली वास्तव्याची अट तीन वर्षांवर आली. रेल्वे कंपन्यांनी जाहिरातींचा वर्षाव केला. आरंभीची काही वर्षे पाऊस बरा झाला, महायुद्धाने गव्हाचा भाव चढविला, आणि लोकांनी कर्ज काढून यंत्रे घेतली. १९१७ पासून पाऊस हुकला, युद्धानंतर भावही कोसळला. पुढील काही वर्षांत राज्यातील निम्म्या बँका बुडाल्या. १९२० ते १९३० या दशकात लोकसंख्या घटलेले देशातील हे एकमेव राज्य.

आता आकडे पाहा. या कायद्यांखाली सर्वाधिक मालकीपत्रे मॉन्टॅनात दिली गेली, दीड लाखांहून अधिक. नेब्रास्कात एक लाखाच्या वर. कागदावर मॉन्टॅना पुढे आहे. पण मालकीपत्र मिळणे निराळे आणि त्या जमिनीवर मुलाबाळांसह पोट भरणे निराळे. एकर दुप्पट केल्याने पाऊस दुप्पट होत नाही.

जमीनवाटपाचा विचार कोठेही होवो, किती एकर दिले, याबरोबरच तेथे पाणी किती आणि आधी तेथे कोण राहत होते, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.