'बिलाबाँग' म्हणजे मेलेली नदी नव्हे!

मुंबई-पुण्यात शाळेच्या पाटीवर, टी-शर्टवर 'बिलाबाँग' हा शब्द आपण पाहतो. तो कुठला, असे विचारले की 'ऑस्ट्रेलियाचा' एवढेच उत्तर मिळते. आमचा प्रश्न आहे : ऑस्ट्रेलियातल्या कोणाचा?

हा शब्द न्यू साउथ वेल्समधील विराजुरी या मूलनिवासी लोकांचा. त्यांच्या भाषेत 'बिला' म्हणजे नदी आणि 'बिलाबांग' म्हणजे पाऊस पडल्यावरच वाहणारा प्रवाह. नदीने वळण सोडले की जुन्या पात्रात पाणी साचून राहते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला नालाकृती सरोवर म्हणतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी अशा पाणसाठ्यांना हाच शब्द वापरला.

पुढे त्याचा अर्थ 'मेलेली नदी' असाही सांगितला गेला. पण 'मेलेला' या अर्थाचा 'बंग' हा शब्द ब्रिस्बेनकडच्या यागरा भाषेतला आहे! विराजुरीतला 'बांग' हा प्रत्यय सातत्य दाखवणारा असावा, असे कोशकार मांडतात. सगळे मूलनिवासी एकच समजायचे आणि ते नामशेष होणारच, हे गृहीत धरायचे. अशा नजरेला 'मेलेली नदी' हा अर्थ सहज पटतो.

इतिहास काय सांगतो? 1824 मध्ये बाथर्स्ट भागात गव्हर्नरने लष्करी कायदा पुकारला. विंड्राडाइनच्या नेतृत्वाखाली विराजुरी आपल्या भूमीसाठी लढत होते. 1895 मध्ये बँजो पॅटरसनने 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' हे गाणे लिहिले. त्यात बिलाबाँगच्या काठी एक भटका मेंढी चोरतो. पोलीस येताच पाण्यात उडी घेतो. गाण्यात मेंढीची चोरी मोजली गेली. ज्या जमिनीवर ती मेंढी चरत होती, ती कोणाकडून घेतली, हे कोण मोजणार? ही भूमी कोणाचीच नव्हती, ही भूमिका तिथल्या उच्च न्यायालयाने नाकारली ती थेट 1992 मध्ये, माबो खटल्यात.

शब्द घेतला, गाणे झाले, ब्रँड झाला. पण ज्यांचा शब्द, त्यांच्या मुलांना स्वतःची भाषा बोलण्याची मोकळीक नव्हती. तरीही ती भाषा मेली नाही. विराजुरी ज्येष्ठ स्टॅन ग्रँट (सीनियर) यांनी भाषातज्ज्ञ जॉन रडर यांच्यासोबत शब्दकोश तयार केला. चार्ल्स स्टर्ट विद्यापीठातही ती शिकवली गेली.

मित्रांनो, लोकांना पुसून टाकून त्यांचे शब्द मिरवणे म्हणजे सन्मान नव्हे. यापुढे 'बिलाबाँग' दिसला, तर 'ऑस्ट्रेलियन शब्द' म्हणून थांबू नका. 'विराजुरी शब्द' म्हणा. ज्यांचा शब्द, त्यांचे नाव आधी.