पिसांवर नोंदलेला पक्षी

पक्ष्याची नवी जात जाहीर करायची, तर आधी एक पक्षी मारायचा, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा आणि संग्रहालयाच्या खणात ठेवायचा, हा पक्षीशास्त्राचा जुना रिवाज. नाव दिलं जातं ते त्या नमुन्याच्या आधारावर. अरुणाचल प्रदेशातल्या बुगुन लिओसिक्लाच्या वेळी हा रिवाज पाळला गेला नाही. आणि तो न पाळणारा गृहस्थ पेशाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हताच.

रमणा अथ्रेया हे खगोलशास्त्रज्ञ, त्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले. पक्षी हा त्यांचा छंद. 1995च्या जानेवारीत पश्चिम कामेंग जिल्ह्यातल्या ईगलनेस्टच्या डोंगरात त्यांना दोन अनोळखी पक्षी दिसले. कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी ते जुळेनात. पुन्हा गाठ पडायला 2005 उजाडलं! दोन हजार मीटरांवरचं ते धुक्यातलं रान, उतारांवर दाट झुडपं. तिथे हा पक्षी सहजी नजरेला पडत नाही.

2006च्या मे महिन्यात मात्र तो जाळ्यात सापडला. लांबी 22 सेंटिमीटर, अंग राखाडी-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपुढे पिवळाधमक ठिपका. पंखांवर पिवळा, लाल, पांढरा असे रंग आणि काळ्या शेपटीचं टोक लाल. जवळचा भाऊबंद थेट चीनच्या एमेई पर्वतात. म्हणजे जात नवी, यात शंका उरली नाही. प्रश्न होता नमुन्याचा. त्या वेळी माहीत असलेले पक्षी अवघे 14. त्यातला एक मारून शास्त्राचं समाधान करणं अथ्रेयांना पटलं नाही. मोजमापं आणि छायाचित्रं घेतली, पक्ष्याला सोडून दिलं. हाताळताना सुटलेली पिसं तेवढी ठेवून घेतली. प्राण्याचा एखादा भागही नमुना म्हणून नामकरणाच्या नियमांत बसतो, त्यामुळे ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात त्याच वर्षी नाव प्रसिद्ध झालं: लिओसिक्ला बुगुनोरम. भारतातून पक्ष्याची नवी जात नोंदली जाण्याला मध्ये अर्धशतकाहून जास्त काळ गेला होता.

नावातले बुगुन म्हणजे त्या डोंगरांतली एक लहान जमात. पक्ष्याला शोधकाचं किंवा एखाद्या साहेबाचं नाव चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं ठरलं. कारण पक्ष्याचा मुख्य ठावठिकाणा ईगलनेस्ट अभयारण्याच्या हद्दीबाहेर, सिंगचुंग गावच्या बुगुनांच्या जंगलात. त्यांनीच 2017मध्ये तिथलं सुमारे 17 चौरस किलोमीटर रान सामुदायिक राखीव क्षेत्र केलं, आणि आता गावातली तरुण मुलं तिथे गस्त घालतात.