कमावलेलं शरीर, आजारी शरीर

इंदुरात शरीर कमावण्याला राजाश्रय होता. होळकरांनी १९२३ मध्ये सी. के. नायडूंना बोलावून घेतलं, सैन्यात कॅप्टन केलं आणि क्रिकेटची घडी बसवली. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात पन्नाशीला पोचलेल्या नायडूंनी बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. होळकर संघानं पुढच्या सात-आठ वर्षांत आणखी तीनदा करंडक आणला. गल्लीबोळांतल्या तालमी होत्याच.

हे सगळं धडधाकटांसाठी. आजारी माणसाला घरातून एकच हुकूम असे: पडून राहा.

हा हुकूम काही फक्त आजीबाईंचा नव्हता. विश्रांती हाच उपचार, असं लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६३ च्या ग्रंथात मांडलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते प्रमाण मानलं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनं तर हलायला जागाच ठेवली नाही. अमेरिकेत शल्यविशारद हॉलस्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेतल्या गाठी मुळासकट काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तीत खांद्याला उचलणारी नसही कापली जाई. रुग्ण वाचे, पण खांदा खाली ओघळे आणि हात डोक्यापर्यंत जाईना.

इंदूरशी याचा संबंध जवळचा आहे. पान, सुपारी, तंबाखू इथे पाहुणचारात मोडतात, आणि तोंडाचा कर्करोग झाला की शस्त्रक्रिया बहुधा मानेपर्यंत जाते. अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये ती नस वाचवण्याची वाट दाखवली. तरी नस ताणली गेली तर खांदा महिनोन्महिने आखडतो. जबडा आवळतो, गिळता येत नाही, वजन उतरतं. अशा माणसाला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणणं सोपं असतं.

कर्करोगात ‘पडून राहा’ला पहिला मोठा धक्का अमेरिकेत बसला. ओहायोत मेरिल विनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केमोथेरपी चालू असलेल्या स्त्रियांना जागच्या सायकलवर बसवलं. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर जोर लावला तर हात सुजेल, ही भीती तेव्हा डॉक्टरांनाही होती. १९९६ मध्ये व्हँकूव्हरच्या डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना नाव वल्हवायला लावून ती खोटी ठरवली. २०२५ मध्ये तर ८८९ रुग्णांच्या चाचणीत दिसलं की मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्यावर तीन वर्षं व्यायामाचा शिस्तशीर कार्यक्रम पाळणाऱ्यांत रोग परतण्याचं प्रमाण घटलं.

मग अडतं कुठे? इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयाच्या परिसरातल्या सरकारी कर्करोग रुग्णालयात झाबुआ, बडवानी, खरगोनहून माणसं येतात. काहींचा प्रवास दीडशे किलोमीटरचा असतो. आयुष्मान योजना रुग्णालयातून सुटल्यावर १५ दिवसांपर्यंतचा खर्च देते. आखडलेल्या खांद्याला मात्र महिने लागतात. त्यापुढचा फिजिओथेरपीचा खर्च आणि बसभाडं घरच्या खिशातून. मजुरी बुडते ती वेगळीच. मे महिन्यातल्या माळव्याच्या उन्हात, केमोच्या थकव्यात, तोंडावरची जखम लोकांच्या नजरेपासून झाकत फिरायला निघणं याला नुसती इच्छाशक्ती पुरत नाही. घरातलेही प्रेमापोटीच अडवतात. पाण्याचा तांब्या हातात आणून देणाऱ्या सुनेला, ‘त्यांना स्वतः उठून घेऊ द्या’ हे सांगायला कुणी बसलेलं नसतं. ओपीडीतल्या रांगेत डॉक्टरांनाही तेवढा वेळ नसतो. सुटी मिळताना कागदावर औषधांच्या वेळा नीट लिहिलेल्या असतात. खांद्याचे व्यायाम कोणते, किती वेळा, हे बहुतेकदा तोंडीच उरकलं जातं आणि बस खरगोनला पोचेपर्यंत विसरलं जातं.