शेतातला व्हिडिओ स्टॉक साईटवर विकायचाय? हक्क, सही आणि पैशाचं गणित आधी समजून घ्या

पेरणी, कापूस वेचणी, आठवडी बाजार, पहिला पाऊस... मोबाईलवर काढलेले असे व्हिडिओ स्टेटसला जातात आणि चोवीस तासांत गायब होतात. पण अशाच छोट्या क्लिप जाहिरात कंपन्या, वाहिन्या आणि माहितीपट बनवणारे विकत घेतात. त्याला 'स्टॉक फुटेज' म्हणतात. शटरस्टॉक, अ‍ॅडोब स्टॉक, पाँड५ या साईट अशा क्लिप जगभरातल्या हौशी आणि व्यावसायिक चित्रकारांकडून घेतात.

हक्क कोणाकडे राहतो?

क्लिप साईटवर टाकली म्हणजे ती कायमची विकली गेली असं नाही. ग्राहक फक्त वापरण्याचा परवाना घेतो, मूळ हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणून एकच क्लिप अनेकदा विकली जाऊ शकते. 'रॉयल्टी-फ्री' या शब्दाचा अर्थ फुकट असा नाही. ग्राहकाने एकदा पैसे भरले की प्रत्येक वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच.

पैसे किती?

अ‍ॅडोब स्टॉक व्हिडिओच्या विक्रीतले ३५ टक्के देते. शटरस्टॉकवर वाटा १५ ते ४० टक्के असतो. वर्षभरात विक्री वाढली की टक्का वाढतो, पण जानेवारीत पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात होते. समजा क्लिप ४० डॉलरला गेली, तर ३५ टक्क्यांनी १४ डॉलर मिळतील. विक्रीची हमी मात्र कोणीच देत नाही. महिनोन्महिने एकही क्लिप न जाणं हे नेहमीचंच आहे. त्यामुळे कर्ज काढून कॅमेरा घेण्याआधी हातातल्या मोबाईलवर करून बघणं शहाणपणाचं.

क्लिप कशी हवी?

– लांबी ५ ते ६० सेकंद.
– मोबाईल आडवा धरून, फुल एचडी किंवा ४के मध्ये. हात हलू नये म्हणून ट्रायपॉड किंवा पक्का टेकू घ्यावा.
– गाणं, फिल्टर, नाव, तारीख काहीही टाकू नये.
– व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल चालत नाही, कारण तिथे दर्जा घसरतो. मूळ फाईलच अपलोड करावी.
– ट्रॅक्टर, खताची गोणी, दुकानाची पाटी यावरची कंपनीची नावं दिसू नयेत.
– शीर्षक आणि शोधशब्द इंग्रजीत द्यावे लागतात. 'शेत' एवढंच न लिहिता पीक, काम, हंगाम, राज्य असं नेमकं लिहावं.

सही घेतल्याशिवाय चेहरा नको

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. व्हिडिओत ओळखू येणारा माणूस असेल, तर जाहिरातीसारख्या वापरासाठी त्याची लेखी संमती लागते. तिला 'मॉडेल रिलीज' म्हणतात. मूल असेल तर आई-वडिलांची सही लागते. हा फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. त्यामुळे सही घेण्याआधी मराठीत नीट समजावून सांगायला हवं, की उद्या हा चेहरा एखाद्या बँकेच्या किंवा औषधाच्या जाहिरातीतही दिसू शकतो आणि तेव्हा कोणी पुन्हा विचारायला येणार नाही. साईटचे पैसे व्हिडिओ काढणाऱ्याच्या खात्यात जातात. वेचणी करणाऱ्या मावशींना त्यातलं काय द्यायचं, हे आधीच ठरवलेलं बरं. सही नसेल तर पाठमोरं दृश्य, काम करणारे हात किंवा नुसतं पीक घ्यावं.

फसवणूक टाळा

या मोठ्या साईटवर खातं उघडायला पैसे लागत नाहीत. 'नोंदणी फी भरा, महिन्याला पक्की कमाई' असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजावा. ओटीपी देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करावी.

खात्यासाठी वय १८ पूर्ण हवं. पैसे पेपाल किंवा पेओनियरसारख्या सेवेतून येतात. त्यासाठी पॅन कार्ड आणि बँक खातं तयार ठेवावं. अमेरिकन साईटवर कराचा ऑनलाईन फॉर्मही भरावा लागतो. गावातल्या कोणी 'सगळे व्हिडिओ एकरकमी दे' म्हटलं, तर कागदावर हक्क कोणाच्या नावावर जातोय ते वाचूनच सही करावी.