बंद असूनही उघडं दिसणारं अ‍ॅप

मोबाइलवर नुकतीच वापरलेली अ‍ॅप्स बघायला गेलं की कार्डांची लांबलचक ओळ समोर येते. बँक, नकाशा, गाणी, कॅमेरा, कुटुंबाचा ग्रुप. ही सगळी मागे चालू आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातली कितीतरी अ‍ॅप्स मेमरीतून केव्हाच गेलेली असतात, आणि दिसतं ते त्यांचं शेवटचं चित्र. आपण बोट लावलं की फोन ते अ‍ॅप नव्याने सुरू करतो आणि जिथे सोडलं होतं तिथेच आणून ठेवतो. मेमरी अपुरी असताना ती पुरेशी आहे असं भासवण्याची ही विद्या मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. तिचं मूळ इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात सापडतं.

१९५०च्या दशकात संगणकाची वेगवान मेमरी फार महाग होती आणि म्हणून तोकडी होती. उरलेला सगळा माल फिरत्या चुंबकी ड्रमवर असायचा. प्रोग्रॅमचा कोणता तुकडा ड्रमवरून केव्हा आणायचा, त्यासाठी कोणता परत पाठवायचा, हा हिशेब प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच करायचा. मूळ गणितापेक्षा या ने-आणीतच त्याचा जीव मेटाकुटीला येई. मँचेस्टरच्या टॉम किलबर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की हे काम यंत्राने करावं. त्यांचा ‘ॲटलस’ संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी रीतसर सुरू झाला. त्याच्या वेगवान मेमरीत १६,३८४ शब्द मावत आणि ड्रमवर ९८,३०४. दोन्हींचे ५१२ शब्दांचे सारखे तुकडे पाडले होते, त्यांना ‘पेज’ म्हणत. प्रोग्रॅमने मागितलेलं पेज वेगवान मेमरीत नसलं की यंत्र प्रोग्रॅमला थांबवी, पेज ड्रमवरून आणी आणि मग त्याला पुढे जाऊ देई. प्रोग्रॅमला मात्र सगळी मेमरी एकसंधच दिसे. अशी कल्पना बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्शने आपल्या प्रबंधात आधीच मांडली होती, पण चालतं यंत्र उभं केलं ते मँचेस्टरने.

नवं पेज आत घ्यायचं तर जुनं कोणतं बाहेर काढायचं? ॲटलसमध्ये एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक पेजच्या वापराची नोंद ठेवी आणि कोणतं इतक्यात लागणार नाही याचा अंदाज बांधी. माझ्या मते या घराण्याचा मूळपुरुष हा छोटा प्रोग्रॅमच. ‘आता कोणाला बाहेर काढू?’ हा त्याचा प्रश्न आपल्या खिशातला फोन आजही अखंड सोडवत असतो.

१९६६ मध्ये आयबीएमच्या लास्लो बेलाडीने याचं बिनचूक उत्तर मांडलं: जे पेज सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढा. त्यासाठी भविष्य ठाऊक हवं, म्हणून प्रत्यक्षात हे जमत नाही; बाकीच्या पद्धती मापायला मात्र ही मोजपट्टी कायमची मिळाली. दोन वर्षांनी पीटर डेनिंगने दुसरं दुखणं ओळखलं. एका वेळी फार प्रोग्रॅम चालवायला घेतले की यंत्राचा सारा वेळ पेजं आत-बाहेर करण्यातच जातो आणि काम ठप्प होतं. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या घडीला खरोखर लागणाऱ्या पेजांचा एक संच असतो. सगळ्यांचे संच एकत्र मावत नसतील तर एखाद्या प्रोग्रॅमला थांबवणंच शहाणपणाचं, असं त्याचं सांगणं. मोबाइलने पुढे हे शब्दशः मनावर घेतलं.

२००७च्या पहिल्या आयफोनमध्ये १२८ एमबी रॅम, म्हणजे वेगवान मेमरी, होती. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, जी१मध्ये, १९२. रॅम अपुरी पडली की डेस्कटॉप संगणक तिच्यातली पेजं हार्ड डिस्कवर उतरवतो, म्हणजे ॲटलसचीच रीत. फोनला ती परवडणारी नव्हती. फोनमधली फ्लॅश मेमरी प्रत्येक लिखाणागणिक थोडी झिजते, तेव्हा ती संथही होती आणि बॅटरीही जपायची होती. अ‍ॅपचा मूळ कोड रॅममधून खुशाल टाकून देता येतो, कारण त्याची प्रत फाइलमध्ये असते. पण चालता चालता अ‍ॅपने जो मजकूर तयार केला, त्याला रॅमबाहेर जागाच नव्हती. मग मार्ग एकच उरला: अख्खं अ‍ॅप बंद करायचं.

ॲपलने सुरुवातीला सोपा मार्ग धरला. बाहेरच्यांनी बनवलेलं अ‍ॅप एका वेळी एकच चाले. होम बटण दाबलं की ते संपलं. २०१०च्या आयओएस ४ पासून अ‍ॅप्स गोठवून मेमरीत ठेवली जाऊ लागली, आणि जागा कमी पडली की गोठलेल्यांतली काही काढून टाकली जाऊ लागली.

अँड्रॉइडने पहिल्यापासूनच अ‍ॅप लिहिणाऱ्याशी एक करार केला, आणि मला या सगळ्या कुळात ती सर्वांत धीट गोष्ट वाटते. करार असा: पडद्यावरून बाजूला झाल्यावर तुझं अ‍ॅप मी केव्हाही मारीन, तेव्हा विचारणार नाही. पण त्याआधी एक छोटी चिठ्ठी लिहून ठेवायची संधी देईन. कोणत्या पानावर होतो, रकान्यात काय भरलं होतं, एवढं तिच्यात लिही. माणूस परत आला की अ‍ॅप नव्याने उठवीन आणि ती चिठ्ठी तुझ्या हातात ठेवीन.

कोणाला आधी मारायचं यासाठी प्रत्येक अ‍ॅपला गुण मिळतात; जितके जास्त तितका धोका मोठा. डोळ्यांसमोरच्या अ‍ॅपला ०. पडद्याआड गाणं वाजवणाऱ्याला २००. होम स्क्रीनला ६००. नुसत्या पडून राहिलेल्यांना ९०० किंवा वर. आणि आत्ताच ज्यातून बाहेर पडलो त्या अ‍ॅपला खास वेगळे ७००, कारण माणूस दोन अ‍ॅप्समध्ये ये-जा करतो हे हा आकडा ठरवणाऱ्यांनी नीट पाहिलं होतं.

तरीही कधी करार मोडतो. फॉर्म भरता भरता फोटो जोडायची वेळ येते. आपण कॅमेरा उघडतो, कॅमेऱ्याला एकदम भरपूर मेमरी लागते आणि कमी रॅमच्या फोनवर फॉर्मचं अ‍ॅप ७००वर असूनही बळी पडतं. फोटो काढून परत यावं तर नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळे रकाने कोरे. फोनने आपलं काम केलेलं असतं. चिठ्ठी लिहायची राहिलेली असते ती अ‍ॅप बनवणाऱ्याकडून. सरकारी योजना, शाळाप्रवेश, पीकविमा असे अर्ज लोक स्वस्तातल्या फोनवरूनच भरतात. त्यांच्यावर पुन्हा पहिल्यापासून भरायची पाळी आणणं हा निष्काळजीपणा आहे आणि तो टाळता येण्याजोगा आहे.

अ‍ॅप नव्याने उठवायला वेळ लागू नये म्हणूनही एक तजवीज आहे. फोन सुरू होताच ‘झायगोट’ नावाची प्रक्रिया सर्वांना लागणारं सामान आधीच मेमरीत मांडून ठेवते, आणि प्रत्येक अ‍ॅप तिच्यातूनच फुटून निघतं. वाडीच्या देवळातली मोठी टोप-पातेली जशी सगळ्या घरांच्या कार्याला चालतात, तशी ती पेजं सगळी अ‍ॅप्स सामाईक वापरतात. एखाद्याला त्यात बदल करायचा असेल तर तेवढ्या पेजची वेगळी प्रत त्याला मिळते.

पुढची भर दाबून ठेवण्याची. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्ससाठी नितीन गुप्ता यांनी ‘कॉम्पकॅश’ नावाचं काम सुरू केलं, तेच पुढे ‘झेडरॅम’ झालं. रॅमचाच एक भाग राखून, न लागणारी पेजं आकसून त्यात कोंबायची. फ्लॅशला हातही लावायचा नाही. २०१३च्या अँड्रॉइड किटकॅटने ५१२ एमबीच्या फोनवरही चालण्याचं ध्येय ठेवलं तेव्हा झेडरॅमलाही आधार दिला. नंतर मारण्याचा निर्णयही सुधारला. किती मेमरी उरली एवढंच न बघता, मेमरीसाठी कामं किती वेळ ताटकळतात हे अँड्रॉइड १० पासून मोजलं जाऊ लागलं. डेनिंगने सांगितलेलं दुखणं आता फोन सुरुवातीलाच ओळखतो.

आणि २०२२ मध्ये, ॲटलसला साठ वर्षं होत असताना, एम१ चिपच्या आयपॅडांवर ॲपलने रॅममधली पेजं स्टोरेजमध्ये उतरवायला परवानगी दिली. फ्लॅश आता वेगवान आणि ऐसपैस झाली होती. मोबाइलच्या दुकानात ‘८+८ जीबी रॅम’ असं लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे आठही असेच स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ती रॅम नव्हे. पडून असलेल्या अ‍ॅप्सना त्यात आसरा मिळतो, पण चालू कामाला खऱ्या रॅमचा वेग त्यातून मिळत नाही. फोन घेताना पहिला आकडाच बघावा.

उरते आपली सवय: दिवसातून दहादा ती कार्डं सरकवून ‘फोन मोकळा करणं’. २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडेरिघी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही बॅटरी वाचवायला याची गरज नाही असं सांगितलं. तशीच उघडी राहिलेली बहुतेक अ‍ॅप्स नुसती पडून तरी असतात किंवा मेमरीत नसतातच. काढून टाकलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उभं करायला उलट जास्त खर्च येतो. एखादं अ‍ॅप अडकलं असेल तर जरूर काढावं. पण अँड्रॉइडवर फोनने स्वतः अ‍ॅप मारलं तर चिठ्ठी जपून ठेवली जाते, आणि आपण कार्ड सरकवून टाकलं तर चिठ्ठीही जाते. अर्धवट भरलेला अर्ज मागे असेल तर त्या कार्डाला हात लावू नये.