रबरी सोंगाची कुळकथा

मराठीत ‘सोंग’ हा शब्द दोन अंगांनी चालतो. ढोंग या अर्थाने तो निंदेचा आहे. दशावतार, बोहाडा, भारूड यांत मात्र वेष आणि मुखवटा चढवून उभ्या केलेल्या पात्राला सोंग म्हणतात आणि ते चांगले वठले तर त्याचे कौतुक होते. जुन्या जपानी राक्षसपटांची अद्याप न ओसरलेली गोडी उलगडण्यास हा दुसरा अर्थ उपयोगी पडतो, कारण त्यांतील अजस्र प्राणी म्हणजे रबरी कातड्यात शिरलेल्या माणसाने आणलेले सोंगच होते.

या प्राण्यांना जपानीत ‘काइजू’ म्हणतात. ‘काइ’ म्हणजे विलक्षण आणि ‘जू’ म्हणजे पशू. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तोहो कंपनीने इशिरो होंडा दिग्दर्शित ‘गोजिरा’ (इंग्रजी वळणाने ‘गॉडझिला’) प्रदर्शित केला, तेव्हा त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीतून उडालेली किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली होती आणि अणुचाचणीने चवताळून समुद्रातून वर आलेला हा पशू त्या ताज्या भयाचेच रूप होता. गोरिला आणि ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, यांची सांगड घालून त्याचे नाव बनवले गेले.

ट्रिकदृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांच्यापुढे १९३३च्या ‘किंग काँग’चा आदर्श होता. त्यात बाहुली किंचित हलवून एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपली होती. परंतु त्या पद्धतीला लागणारा वेळ आणि पैसा तोहोपाशी नव्हता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण येथे वेगळ्याच रीतीने खरी ठरली, कारण पैशाच्या चणचणीतूनच हे सोंग जन्मले. सुमारे १०० किलो वजनाच्या पहिल्या पोशाखात हारुओ नाकाजिमा हे नट शिरत आणि तापलेल्या दिव्यांखाली काही मिनिटांतच घामाघूम होऊन बाहेर पडत. त्यांच्या पायांखालचे तोक्यो पंचविसाव्या हिश्शाइतके लहान केलेले होते. लहान वस्तू झटकन कोसळते आणि त्यामुळे तिचे लहानपण उघडे पडते. म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने फिरवून दृश्य टिपले जाई, जेणेकरून पडद्यावर ते संथ होऊन पावलाला वजन येई. डरकाळीसाठी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून आवाज काढला.

१९६२च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’पासून भयाची जागा कुस्तीने घेतली, बालप्रेक्षक वाढले आणि पोशाखाच्या सुरकुत्या डोळ्यांत भरू लागल्या. अशा भडक, कृत्रिम, पण मन लावून केलेल्या कलाकृतीत रस घेण्याच्या वृत्तीला इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली त्यावर निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी जपानी विध्वंसपटांचाही विचार केला. या कुळाची एक फांदी मुंबईतही फुटली. १९६६ साली बलवंत दवे यांनी आझाद आणि तबस्सुम यांना घेऊन ‘गोगोला’ हा हिंदी चित्रपट काढला, ज्यात समुद्रातून निघालेला राक्षस मुंबईवर चाल करून येतो. नावापासूनच गॉडझिलाशी नाते सांगणारा हा चित्रपट आज दुर्मीळ आहे.

मराठी मुलखाला मात्र असा राक्षस नवा नव्हता. ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये आपली कन्या मंदाकिनी हिला कृष्ण करून बनावट नागाशी झुंजवले होते. त्याहून जुना आहे तो दशावतारातील संकासुर: वेद चोरणारा हा दैत्य काळ्या वेषात, लोंबती लाल जीभ घेऊन येतो, पण मालवणीत बोलू लागताच मंडप खदखदू लागतो. प्रेक्षकाला दैत्यही दिसतो आणि आतला ओळखीचा माणूसही. एक दिसल्याने दुसरा पुसला जात नाही. भक्तीच्या प्रांतातही अशी दुहेरी नजर आढळते. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी सोलापूरच्या जुन्या पेठांतून आणि विजापूर रस्त्यालगत वाढलेल्या जुळे सोलापूरसारख्या वसाहतींतून जी गर्दी लोटते, तिची दृष्टी उंच नंदीध्वजाच्या शेंड्यावर जितकी असते तितकीच तो एकट्याने पेलणाऱ्याच्या पावलांवर असते. तेथे विनोदाला जागा नाही. तरी भार वाहणारा माणूस डोळ्यांआड झाला, तर पाहण्यातली अर्धी उत्कंठा जाईल.

रबरी राक्षसपटात नेमके हेच घडते आणि म्हणून त्यातील शिवण दिसणे हा दोष न राहता आस्वादाचा भाग होतो. संगणकाने रबर कालबाह्य केल्यावरही जपानी चित्रकर्त्यांना हे उमगले असावे. २०१६च्या ‘शिन गोजिरा’मध्ये राक्षसाची देहयष्टी संगणकावर घडली, पण तिला चाल देण्यासाठी ज्यांच्या हालचाली यंत्राने टिपल्या, ते मानसाइ नोमुरा हे क्योगेन या जपानच्या परंपरागत विनोदी नाट्यप्रकारातील नट होते, म्हणजे मराठी भाषेत सांगायचे तर घराणेदार सोंगाडे.