नमुनावस्त्रे, फॅशन-छायाचित्रणातील

फॅशनविषयक नियतकालिकांतील छायाचित्रांसाठी वस्त्रगृहे जे पोशाख थोड्या दिवसांकरिता उसने देतात, त्यांस नमुनावस्त्रे म्हणतात. नियतकालिक ती सहसा विकत घेत नाही व त्यांचे भाडेही देत नाही. मोबदला म्हणून छायाचित्राच्या मजकुरात वस्त्रगृहाचे नाव छापले जाते. त्यामुळे कोणाचे नाव छापले जाते आणि कोणाचे गळते, हा या प्रथेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

प्रथेचे मूळ पॅरिसमध्ये आढळते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५–९५) याने ग्राहकाच्या सांगण्यावरून शिवण्याऐवजी आधीच नमुने शिवून ते मॉडेलच्या अंगावर दाखविण्याची पद्धत रूढ केली. १९११ मध्ये एडवर्ड स्टायकेन याने पॉल प्वारे याच्या पोशाखांची छायाचित्रे घेतली. आधुनिक फॅशन-छायाचित्रणाचा प्रारंभ पुष्कळदा त्यांपासून मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापाऱ्यांना दिवसा दाखविलेले नमुने रात्री छायाचित्रकारांकडे जात व सकाळी परत येत. नकलेच्या धास्तीमुळे छायाचित्रांच्या प्रसिद्धीवर कालमर्यादा घातली जाई.

ऑगस्ट १९५५ मध्ये रिचर्ड ॲव्हडन याने पॅरिसच्या एका सर्कशीत हत्तींसमवेत दोव्हिमा या मॉडेलचे छायाचित्र घेतले. तिच्या अंगावरील सायंवस्त्राचा अभिकल्प ईव्ह सँ लोराँ या तरुण साहाय्यकाचा होता. छायाचित्राच्या शीर्षकात मात्र द्यॉर या वस्त्रगृहाचेच नाव आहे.

पोशाखांची निवड नियतकालिकाचे फॅशन-संपादक करतात. पुरवठा वस्त्रगृहाचा प्रसिद्धीविभाग किंवा त्याने नेमलेली जनसंपर्कसंस्था करते. नमुना बहुधा एकाच, सडपातळ मापाचा शिवलेला असतो. परिणामी पोशाख व्यक्तीच्या मापाचा न राहता व्यक्तीच पोशाखाच्या मापाची निवडली जाते. तसेच, पोशाख देणारी मोठी वस्त्रगृहे अनेकदा त्याच नियतकालिकाची जाहिरातदारही असल्याने संपादकीय निवड आणि व्यापारी हितसंबंध यांतील सीमारेषा पुसट होते.

भारतात मुंबईहून १९५९ मध्ये निघालेल्या *फेमिना*ने महिला-नियतकालिकांचा पाया विस्तारला. १९९६ मध्ये *एल* व २००७ मध्ये *व्होग* यांच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या आणि परदेशी वस्त्रगृहांची नावे येथील पृष्ठांवर नियमितपणे दिसू लागली. *व्होग*च्या ऑगस्ट २००८ च्या भारतीय अंकात सामान्य, गरीब माणसांच्या हाती व अंगावर महागड्या वस्तू देऊन काढलेली छायाचित्रे आली. एका बालकाच्या गळ्यात फेंडीचे लाळेरे होते, तर एका पुरुषाच्या हाती बर्बेरीची छत्री. वस्तूंच्या निर्मात्यांची नावे छापली गेली, माणसांची नव्हे. यावर तीव्र टीका झाली. उसन्या वस्तूची परतफेड नावाने करण्याच्या या व्यवहारात, जिच्याकडे देण्यासारखी वस्तू नाही ती व्यक्ती निनावीच राहते, हे त्यातून स्पष्ट झाले.